पंप म्हणतो ४.००० मिली दिले, वजनकाटा म्हणतो ३.८१. कुणाचं धरू?

काळीमाती यांचा प्रश्न

नमस्कार. मी माती परीक्षणाच्या एका छोट्या प्रयोगशाळेत काम करते. शिक्षण रसायनशास्त्रात एम.एस्सी. प्रोग्रॅमिंग शिकले ते रात्री पोरं झोपल्यावर, व्हिडिओ बघून. त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर चुका पोटात घाला.

खरिपाच्या तोंडावर आमच्याकडे नमुन्यांच्या पिशव्या दारापर्यंत येतात. आमची माती चुनखडीची, काळी, म्हणून उपलब्ध स्फुरद (फॉस्फरस) ऑल्सेन पद्धतीनं काढतो. पद्धत माहीत नसेल त्यांच्यासाठी: २.५ ग्रॅम माती, ५० मिली बायकार्बोनेटचं द्रावण, अर्धा तास हलवायचं, गाळायचं. गाळलेल्यातलं ५ मिली २५ च्या फ्लास्कमध्ये घ्यायचं, आम्ल टाकून फेस बसू द्यायचा, मग मॉलिब्डेट आणि ॲस्कॉर्बिक ॲसिडचं द्रावण ४ मिली, आणि खुणेपर्यंत पाणी. निळा रंग येतो, तो ८८२ नॅनोमीटरवर मोजायचा.

ते ४ मिली घालणं हे माझं काम. एका खेपेला ४८ फ्लास्क. दिवसाला तीन खेपा झाल्या की संध्याकाळी भाकरी थापताना अंगठा वळत नाही.

शेजारच्या फार्मसी कॉलेजनं जुनी उपकरणं काढली, त्यात एक सिरिंज पंप मिळाला. न्यू एराचा एनई-१०००. मागे फोनच्या वायरीसारखं भोक आहे, तिथून यूएसबीची वायर करून लॅपटॉपला जोडला. १९२०० बॉडवर बोलतो. पायथॉनमधून डीआयए पाठवून व्यास, आरएटी पाठवून वेग, व्हीओएल पाठवून माप द्यायचं आणि आरयूएन म्हणायचं. (फोनवरून लिहितेय, आज्ञा देवनागरीतच लिहिते, समजून घ्या.)

सिरिंज मेडिकलमधून आणलेली ५० ची, खुणा ६० पर्यंत. व्यास पंपाच्या पुस्तिकेतल्या तक्त्यातून घेतला, ६० सीसी प्लास्टिक, २६.५९ मिमी. वेग मिनिटाला १५ मिली, म्हणजे एका फ्लास्कला १६ सेकंद. सिरिंजच्या तोंडाला सलाइनवाला थ्री-वे, म्हणजे तीन तोंडांचा छोटा नळ, लावलाय. तो बाटलीकडे फिरवून भरून घ्यायचं, मग नळीकडे फिरवून १२ फ्लास्क, पुन्हा भरायचं.

खरं द्रावण वापरण्याआधी साध्या डिस्टिल्ड पाण्यावर वजन करून पाहिलं. खोली २८ अंश.

पहिला फ्लास्क ३.५१ ग्रॅम. दुसरा ३.८०, तिसरा ३.८१, चौथा ३.८२, मग ३.८१ च्या आसपासच. तेरावा परत ३.५०! चौदाव्यापासून पुन्हा ३.८१. २५ आणि ३७ ला तेच.

पंपाला डीआयएस पाठवून विचारलं किती दिलं, तर उत्तर ४.०००. प्रत्येक वेळी. अगदी तेराव्यालासुद्धा, तोंड वर करून.

शिवाय दोन फुटकळ तक्रारी. कधीकधी आज्ञेला नुसतं प्रश्नचिन्ह परत येतं. आणि पंप थांबल्यावर नळीच्या टोकाला एक थेंब लोंबकळत राहतो, तो कधी ह्या फ्लास्कात पडतो, कधी पुढच्या.

कोडमध्ये चूक आहे का यंत्रात?

---

रिकामा_लूप

ताई, यंत्राचं मला कळत नाही, पण सिरियलवर बोलणारी बरीच खोकी हाताळलीत, या पंपासकट.

प्रश्नचिन्हाचं कारण जवळपास नक्की सांगतो. हा पंप एका आकड्यात जास्तीत जास्त चार अंक घेतो, आणि दशांश चिन्हानंतर जास्तीत जास्त तीन. तुम्ही पायथॉनमध्ये भागाकार करून सरळ पाठवत असाल तर ४.१६६६६६७ असलं काहीतरी जातं आणि तो तोंड वाकडं करतो. पाठवण्याआधी चार अंकांत बसवा. नुसतं प्रश्नचिन्ह आलं तर आज्ञाच समजली नाही, मागे ओओआर आलं तर आकडा त्याच्या आवाक्याबाहेर. उत्तर वाचून दोन्ही वेगळे पकडा.

१६ सेकंद स्लीप लावून पुढे जात असाल तर ते काढा. रिकामी आज्ञा, म्हणजे नुसता एंटर पाठवला तरी तो आपली अवस्था एका अक्षरात सांगतो. आय म्हणजे ढकलतोय, डब्ल्यू म्हणजे ओढतोय, एस म्हणजे थांबलाय. अर्ध्या सेकंदानं विचारत राहा, एस आला की पुढचा फ्लास्क.

अजून एक, यात मी स्वतः पडलोय. मध्येच एसटीपी पाठवलंत तर तो थांबत नाही, विसावतो. अवस्था पी दाखवतो. त्यानंतर आरयूएन म्हटलंत की आधीचं उरलेलं माप पुरं करतो, नव्यानं ४ देत नाही. पूर्ण थांबवायला एसटीपी दोनदा.

आणि वीज जाऊन आली की पहिलं उत्तर अलार्मचं येतं, ए, प्रश्नचिन्ह, आर. ते वाचून मगच कामाच्या आज्ञा द्या. वीज आल्यावर आपोआप चालू होण्याची एक सेटिंग आहे, पीएफ, ती शून्य आहे ना बघून घ्या. नाहीतर तुम्ही जेवायला गेलेल्या असाल आणि तो टेबलावर अभिषेक घालत बसेल.

३.८१ चं मात्र कोडमध्ये मला काही दिसत नाही.

---

सातबारा

एवढा खटाटोप कशाला? बॉटल-टॉप डिस्पेन्सर घ्या. बाटलीवर बसवायचा, वर ओढायचा, खाली दाबायचा, ४ मिली. कोड नाही, वायर नाही.

---

काळीमाती

होता. दोन वर्षांपूर्वी त्याची झडप आम्लानं चिकटली. नव्याची मागणी "प्रस्तावित" आहे. पंप फुकट आहे.

---

जुना_फिटर

ताई, ३४ वर्षं उपकरणं दुरुस्त केली, आता ठाण्यात नातवाला सायकल शिकवतो. तुमची वजनं वाचून बरं वाटलं. आधी मोजलं आणि मग विचारलं, असं फार थोडे करतात.

पहिली गोष्ट. पंप खोटं बोलत नाहीये, त्याला माहीतच नाही. त्याच्या पोटात द्रव मोजणारं काहीही नसतं. एक स्टेपर मोटर, एक स्क्रू, आणि स्क्रूवर सरकणारा ठोकळा. तुम्ही व्यास सांगितला की तो वर्तुळाचं क्षेत्रफळ काढतो, ४ मिलीला ठोकळा किती सरकवायचा तो हिशेब करतो, आणि तेवढे स्टेप मोजून थांबतो. डीआयएसचं ४.००० म्हणजे "मी तेवढा सरकलो". सिरिंज काढून ठेवलीत तरी ४.००० च सांगेल. करून बघा, गंमत येईल.

आता हिशेब. २६.५९ व्यासाला क्षेत्रफळ येतं ५५५.३ चौ. मिमी, म्हणजे ४ मिलीला ठोकळा ७.२ मिमी सरकला. तुमचं वजन ३.८१ ग्रॅम. २८ अंशाला पाण्याची घनता आणि हवेचा उचल दोन्ही धरून ग्रॅमला साधारण १.००५ नं गुणायचं, म्हणजे ३.८२९ मिली. सरकला तेवढाच, द्रव कमी. म्हणजे तुमची सिरिंज तक्त्यातल्या सिरिंजपेक्षा बारीक आहे. तक्ता परदेशी कंपनीच्या सिरिंजचा, तुम्ही लावलीत आपल्या मेडिकलची. मापाच्या खुणा दोन्हीवर बरोबर असतील, पण एक जाड-बुटकी, एक बारीक-उंच.

खरा व्यास काढायला २६.५९ ला (३.८२९ भागिले ४) च्या वर्गमुळानं गुणा. २६.०२ येतो. व्यासात फरक अर्ध्या मिमीहून किंचित जास्त, पण आकारमानात तो वर्गानं येतो म्हणून चार टक्के खाल्ले.

पडताळा हवा तर व्हर्नियर घ्या. सिरिंजची १० ची खूण ते ५० ची खूण, अंतर मोजा. त्यात ४० मिली मावतं. ४०,००० भागिले ते अंतर म्हणजे क्षेत्रफळ, त्यावरून व्यास. व्हर्नियरचा जबडा तोंडात घालून व्यास मोजू नका, प्लास्टिक दबतं आणि कडेला उतार असतो.

दुसरी गोष्ट, १, १३, २५, ३७. हे आकडे वाचूनच हसू आलं. भरून घेतल्यानंतरचा पहिला फ्लास्क ना? भरताना ठोकळा मागे जातो, देताना पुढे. दिशा बदलली की आधी सगळी ढिलाई भरून निघते. स्क्रूचा थोडा प्ले, दट्ट्याची चकती ठोकळ्याच्या खाचेत जेवढी हलते तेवढी, आणि रबराचं टोक आधी दबतं मग सरकतं. तुमचा फरक ०.३० मिली. क्षेत्रफळ ५३२ धरा, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त. एवढी ढिलाई जुन्या पंपात असणारच. बहुतेक ती स्क्रूत नसून खाचेत असेल. चकती बोटानं पुढेमागे हलवून बघा, टक-टक आवाज येईल.

उपाय सोपा आहे. भरून झालं की थ्री-वे बाटलीकडेच ठेवून २ मिली परत बाटलीत ढकला. त्यात ढिलाई निघून जाईल, द्रावणही वाया नाही. मग थ्री-वे नळीकडे फिरवा आणि द्यायला लागा. दिशा बदलायची नाही. १२ फ्लास्कला ४८ लागतात, तुम्ही ५२ भरा.

---

रिकामा_लूप

काका, मस्त. थेंबासाठी एक सुचवू? प्रत्येक माप दिल्यावर पंप ०.१ मिली उलटा ओढायचा. थेंब आत जातो. थ्री-डी प्रिंटरमध्ये प्लास्टिकची तार अशीच मागे घेतात. कोडमध्ये तीन ओळी.

---

जुना_फिटर

नको रे बाबा. आत्ताच काय म्हटलं मी? दिशा बदलली की ढिलाई. तिच्या पंपात ०.३ ची ढिलाई आहे. ०.१ मागे घेतलं तर मोटर मागे फिरेल, दट्ट्या जागचा हलणार नाही. थेंब तिथेच. आणि पुढच्या वेळी तेवढे ०.१ आधी भरून काढेल, म्हणजे प्रत्येक फ्लास्क ०.१ नं कमी. एकाच्या जागी बाराही आजारी.

---

काळीमाती

काका, दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण करून बघत होते.

व्हर्नियर बाजूच्या वर्कशॉपमधून आणला. १० ते ५० चं अंतर ७५.० मिमी. त्यावरून व्यास २६.०६. तुमच्या वजनावरून २६.०२. डोळे मिटून विश्वास बसला.

चकती हलवली, टक-टक आलं. खाचेत जुन्या एक्स-रेच्या फिल्मचे दोन तुकडे कापून बसवले. मग रिकामा_लूप भाऊंचा उलटं ओढण्याचा प्रयोगही केला, पण त्याआधी फिल्म काढून, म्हणजे न्यायानं. ०.१ मागे ओढून बारा फ्लास्क. थेंब लोंबतच होता आणि सगळ्यांचं वजन ०.१ नं कमी. काका म्हणाले तसंच, शब्दशः. रिकामा_लूप, राग मानू नका.

पण मधे मी एक उद्योग करून बसले. वाटलं, लहान सिरिंज घेतली तर चूक लहान होईल. ५ ची सिरिंज लावली, व्हर्नियरनं खुणा मोजून व्यास १२.४ टाकला, वेग मिनिटाला ५ मिलीवर आणला, व्हीओएल ४.० तसंच ठेवलं, आरयूएन. पंपानं "टुक" असा आवाज केला आणि थांबला. अवस्था एस. नळीतून काही नाही. पुन्हा, पुन्हा टुक. डीआयएस विचारलं तर म्हणे ४.०००. मला वाटलं मोटर जळाली. वास पण आला (नंतर कळलं, तो शेजारच्या टेबलावरच्या हॉटप्लेटचा होता).

---

रिकामा_लूप

राग कसला, माझंच शिकणं झालं.

टुकचं कारण मला माहीत आहे! व्यास १४ मिमी किंवा त्याखाली गेला की हा पंप व्हीओएलचा आकडा आपोआप मायक्रोलिटरमध्ये धरतो. १४ च्या वर मिलीलिटर. तुम्ही ४ मायक्रोलिटर मागितले, त्यानं ४ मायक्रोलिटर दिले. डीआयएसच्या उत्तरात आकड्यानंतर दोन अक्षरं असतात, यूएल का एमएल, ती तुमचा कोड कापून टाकत असेल.

वेगाचं असं होत नाही कारण आरएटीच्या मागे आपण एमएम, म्हणजे मिली प्रति मिनिट, लिहूनच पाठवतो. म्हणूनच लक्षात येत नाही. वेग बरोबर, माप हजारात एक. तुम्ही ४००० पाठवा, चार अंकांत बसतं. माझ्या कोडमध्ये व्यास पाठवला की लगेच एकक विचारून घेतो आणि जुळलं नाही तर पुढे जातच नाही.

---

जुना_फिटर

आणि ताई, ५ ची सिरिंज नकोच. ढिलाई मिलिमीटरमध्ये तेवढीच राहते, बारीक सिरिंजमध्ये तिचं आकारमान कमी होतं, हे तुमचं बरोबर. पण मग दर फ्लास्कला भरावं लागेल, दर फ्लास्कला दिशा बदलेल, आणि थ्री-वे ४८ वेळा फिरवाल. अंगठ्याचं दुखणं मनगटात. ५० चीच ठेवा.

थेंबासाठी, नळी सिलिकॉनची आहे का? मऊ नळी दाबानं फुगते आणि पंप थांबल्यावर सावकाश बसते, तोच तुमचा थेंब. कडक टेफ्लॉनची नळी लावा, जमेल तेवढी आखूड. टोकाला मायक्रोपिपेटची पिवळी टिप खोचा. भोक बारीक झालं की थेंबही बारीक. आणि शेवटी टोक फ्लास्कच्या मानेला आतून टेकवा, जसं पिपेट टेकवतो.

---

विद्राव्य

मी मृदाशास्त्र शिकवतो. उशिरा आलो, थोडं कडू बोलतो.

पंपाची चर्चा उत्तम, पण ज्या ४ मिलीसाठी तुम्ही झुरताय ते या पद्धतीतलं सगळ्यात नाजूक माप नाही. शेवटी तुम्ही खुणेपर्यंत २५ करता. रंग देणारा स्फुरद त्या ५ मिली अर्कात, म्हणजे गाळलेल्या द्रावणात, आहे. तिथे ५ ऐवजी ४.८ गेला तर निकाल सरळ चार टक्के कमी. रंगाच्या द्रावणात ४ ऐवजी ३.८३ गेलं, आणि प्रमाण द्रावणांनाही (ज्यांतला स्फुरद आधीच माहीत असतो आणि ज्यांच्याशी नमुने ताडतो) त्याच पंपानं तेवढंच गेलं, तर निकालात फारसं काही हलत नाही. आम्लता फार बदलली तर रंगावर परिणाम होतो, पण सगळीकडे सारखी राहिली की प्रमाण रेषा ते पोटात घेते. तुमची खरी अडचण ३.८१ ही नव्हतीच, १, १३, २५, ३७ ही होती. ते चार फ्लास्क बाकीच्यांपासून वेगळे पडत होते, आणि ते कुठल्यातरी चार शेतकऱ्यांचे होते.

म्हणून दोन विनंत्या. प्रमाण द्रावणं आणि कोरा (माती नसलेला) नमुना हाताच्या पिपेटनं आणि नमुने पंपानं, असं करू नका. सगळं एकाच वाटेनं जाऊ द्या. आणि पंप आवडला म्हणून उद्या अर्काचे ५ मिलीसुद्धा त्यानं मोजायला जाऊ नका. एका नमुन्याचा उरलेला नळीत राहतो आणि दुसऱ्यात जातो. भरपूर खत घातलेल्या बागेनंतर माळरानाचा नमुना आला तर माळरान श्रीमंत होईल. अर्कासाठी पिपेटच.

फेस पूर्ण बसल्याशिवाय ४ मिली घालत नाही ना? पंप १६ सेकंदांनी पुढच्याकडे जातो, कार्बन डायऑक्साइड त्याच्यासाठी थांबत नाही.

---

काळीमाती

सर, कडू नाही लागलं. प्रमाण द्रावणं मी पिपेटनंच करत होते. "ती महत्त्वाची म्हणून हातानं" असं डोक्यात होतं. आता सगळे त्याच रांगेत.

आम्ल मी आधीच सगळ्या ४८ ना घालून, हलवून, चहा घेऊन येते. फेस बसलेला असतो.

आजची खेप सांगते. व्यास २६.०२, एक्स-रेची फिल्म खाचेत, भरल्यावर २ मिली परत बाटलीत, आखूड टेफ्लॉनची नळी, पिवळी टिप. आधी पाण्यावर ४८: सरासरी ३.९८ ग्रॅम, सगळ्यात कमी ३.९७, सगळ्यात जास्त ४.००. म्हणजे ४.०० मिली. तेरावा ३.९८. मी त्या फ्लास्कचा फोटो काढून नवऱ्याला पाठवला, त्यानं विचारलं हा पाण्याचा फोटो का पाठवलास.

एक शंका राहिली. द्रावणात गंधकाम्ल आहे आणि ॲस्कॉर्बिक घातलेलं द्रावण एका दिवसापलीकडे टिकत नाही, म्हणून संध्याकाळी सिरिंज धुतेच. पण रबराचं टोक किती दिवसांनी बदलू?

---

जुना_फिटर

दिवस मोजू नका, वजन करा. रोज सकाळी पाण्याचे दहा शॉट एकाच बीकरमध्ये, एकत्र वजन. तुमचा काटा दोन दशांशांचा आहे, दहाचं एकत्र घेतलं की त्याची चूकही दहात वाटली जाते. ३९.८ येतं तोवर सिरिंज बरी. आकडा हलायला लागला किंवा दट्ट्या अडखळत सरकायला लागला की संपूर्ण सिरिंज बदला, नुसतं रबर नको. आणि नवी सिरिंज, तोच ब्रँड असला तरी, व्यास पुन्हा काढा.

संध्याकाळी धुतल्यावर दट्ट्या पूर्ण आत दाबून ठेवू नका, रबर एकाच जागी दबून बसतं. मधे सोडा.

---

काळीमाती

दहा शॉटचं कोडमध्येच टाकलं. सकाळी लॅपटॉप उघडला की आधी वजन विचारतो, ३९.७ ते ४०.० मध्ये नसेल तर पुढे जात नाही.

आज पहिली खरी खेप केली. सगळं सुरळीत. फक्त २५ नंबरला २ मिली परत ढकलल्यावर थ्री-वे नळीकडे फिरवायला विसरले. पंप १६ सेकंद चालला, ४ मिली गुपचूप बाटलीत परत गेलं, फ्लास्क पांढराच्या पांढरा. डीआयएस विचारलं.

४.०००, एमएल.